ऑगस्टस म्हातारा का होत नाही?

शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस वारला तेव्हा त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती. तरी त्याच्या एकाही पुतळ्यात तो म्हातारा दिसत नाही. मग ही व्यक्तिशिल्पं म्हणायची की राजकीय प्रचार? शिल्पकार खोटं घडवत होते का? आणि छायाचित्रं नव्हती, तर स्पेनपासून सीरियापर्यंत एकच चेहरा पोहोचला कसा?"

तीस वर्षांहून जास्त काळ मी माणसांची डोकी मातीत घडवतो आहे. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो कामाचा, हाताचा प्रश्न आहे आणि आधीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

ऑगस्टसचं डोकं समोर आलं की आधी चेहऱ्याकडे पाहू नकोस, कपाळावरच्या बटा पाहा. कपाळाच्या मध्याजवळ दोन बटा एकमेकींपासून फुटून बेचकीसारख्या झालेल्या दिसतील. तिथून उजव्या डोळ्याच्या बाजूला गेलीस की दोन बटांची टोकं एकमेकींकडे वळून चिमटा झालेला असेल. ऑगस्टसची दोनशेहून अधिक डोकी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटात ही बेचकी आणि हा चिमटा आहेच. दगड बदलतो, कारागिराचं कसब बदलतं. कुठे गाल भरलेले असतात, कुठे ओठ जाड होतात, कुठे डोळे जरा जास्तच मोठे होतात. बटा मात्र जागच्या हलत नाहीत. अभ्यासक रोमन व्यक्तिशिल्पांचे नमुने ठरवतात ते मुख्यतः या बटांवरून.

आता कारागीर म्हणून विचार कर, बटाच का? गालाचा उतार मोजता येतो, पण मोजून पकडता येत नाही. कॅलिपरने सगळी मापं बरोबर घेतली तरी भाव निसटतो, हा अनुभव तू घेतलाच असशील. बट मात्र रेघ असते. तिला सुरुवात आहे, वळण आहे, टोक आहे. मधल्या दर्जाच्या कारागिरालाही ती नमुन्यावरून जशीच्या तशी उतरवता येते. पद्धत साधारण अशी असणार: रोममध्ये मातीत किंवा मेणात मूळ डोकं घडायचं, त्यावरून प्लास्टरच्या प्रती निघायच्या, त्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या कार्यशाळांत जायच्या आणि तिथे मापं घेऊन संगमरवर कोरला जायचा किंवा कांसं ओतलं जायचं. प्लास्टरच्या साच्यांचं तंत्र रोमन लोकांना नीट अवगत होतं. इटलीत बाया इथे 1954 साली एका रोमन कार्यशाळेतले प्लास्टरचे तुकडे सापडले. गाजलेल्या ग्रीक कांस्यमूर्तींवरून काढलेलं ते साचेकाम होतं. अर्धवट राहिलेल्या काही रोमन शिल्पांवर मापासाठी मुद्दाम ठेवलेले उंचवटेही आहेत. नमुन्यावरची मापं दगडावर उतरवणाऱ्या पॉइंटिंग मशीनवर काम करताना आपण जे बिंदू धरतो, त्यांचेच ते पूर्वज.

आपल्याकडेही ओळख अशीच पटते. गावातल्या चौकात लोकमान्यांचा पुतळा असतो. नाक चुकलेलं असतं, मान आखूड झालेली असते, तरी पगडी आणि मिशा पाहून पाच वर्षांचं पोर नाव सांगतं. बाबासाहेबांचा चष्मा, कोट आणि हातातलं संविधान यांचंही तेच. पुतळा साम्य दाखवतोच, पण त्याआधी खूण पटवतो. ऑगस्टसच्या माणसांना हे उमगलं होतं, आणि त्यांनी ती खूण केसांत ठेवली.

हे किती धाडसाचं होतं ते कळायला त्याच्या आधीचे चेहरे पाहायला हवेत. प्रजासत्ताकाच्या काळात रोमन उमराव पुतळ्यात म्हातारे दिसायला उत्सुक असत. कपाळावर आठ्या, गालांत खड्डे, मानेची लोंबती कातडी. मोठ्या घराण्यांच्या घरात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवलेले असत आणि अंत्ययात्रेत ते मिरवले जात. सुरकुती म्हणजे केलेली सेवा, भोगलेली पदं, जिंकलेल्या लढाया. म्हणजे तो 'खरा' चेहराही काही निष्पाप नव्हता. त्या आठ्याही मतं मागत होत्या! व्यक्तिशिल्प आणि प्रचार यांच्यात तू जी रेघ ओढते आहेस, ती रोममध्ये सम्राट येण्याआधीच पुसट झालेली होती.

ज्युलियस सीझर मारला गेला तेव्हा, इ.स.पू. 44 मध्ये, त्याचा वारस ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, हा पोरगा अवघा अठरा वर्षांचा होता. सुरकुत्या दाखवून अनुभव सांगायची सोयच नव्हती. त्याच्या सुरुवातीच्या पुतळ्यांत मान झटकन वळलेली, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर ताण आहे. थेट अलेक्झांडरच्या वळणाचा तरुण सेनानी. मग इ.स.पू. 31 मध्ये अ‍ॅक्टियमची यादवीतली निर्णायक लढाई त्याने जिंकली, इ.स.पू. 27 मध्ये 'ऑगस्टस' हे नाव मिळालं, आणि त्याच सुमारास चेहरा बदलला. वळलेली मान स्थिर झाली, विस्कटलेले केस शिस्तीत आले, भुवया सैल झाल्या. यादवी संपली हे सांगायला शब्द लागले नाहीत. हा चेहरा तरुण आहे असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलंस तर त्याला वयच नाही. पुढची चाळीस वर्षं तोच चालला.

प्रत्यक्षातला माणूस कसा होता? रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की दात किडके, लहान आणि विरळ होते, भुवया मध्ये जुळलेल्या होत्या, उंची कमी होती. डोळे मात्र तेजस्वी होते आणि आपण रोखून पाहिल्यावर समोरच्याने सूर्यासमोर झुकवावी तशी मान खाली घातली की त्याला बरं वाटे. दगडात दात दाखवावे लागत नाहीत, तोंड मिटलेलं ठेवलं की झालं. उंचीचा प्रश्न चौथऱ्याने सुटतो.

रोमजवळच्या प्रीमा पोर्ता इथला ऑगस्टसचा पुतळा तू चित्रांत पाहिलाच असशील, सध्या तो व्हॅटिकनमध्ये आहे. दोन मीटरहून थोडा उंच, उजवा हात पुढे उचललेला. उभं राहण्याची ढब ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसच्या भालाधारी तरुणावरून घेतलेली. छातीवरच्या चिलखतात मधोमध एक पार्थियन माणूस (पार्थिया म्हणजे रोमचं पूर्वेकडचं शत्रुराज्य) रोमन सैन्याचं निशाण परत करतो आहे. इ.स.पू. 53 मध्ये रोमन सेनापती क्रॅससच्या पराभवात गेलेली निशाणं इ.स.पू. 20 मध्ये वाटाघाटींनी परत मिळाली, तो हा प्रसंग. लढाई न करता मिळवलेला विजय चिलखतावर कोरला आहे. पाय अनवाणी, म्हणजे देवांच्या किंवा वीरांच्या पंक्तीतला. उजव्या पायाशी डॉल्फिनवर बसलेला छोटा क्यूपिड आहे, त्याच्याकडे मात्र तू शिल्पकाराच्या नजरेने पाहा. संगमरवराच्या पूर्णाकृतीला घोट्यापाशी टेका लागतो, नाहीतर वरच्या वजनाने पाय मोडतो. कांस्याला टेका लागत नाही. हा टेका झाडाच्या खोडाचाही चालला असता. त्याऐवजी इथे व्हीनसचा मुलगा बसवला, कारण ऑगस्टसचं ज्युलियन घराणं स्वतःला व्हीनस देवीचे वंशज म्हणवत असे. वजनही पेललं आणि वंशावळही सांगितली. हे काम पाहून मी आजही थक्क होतो. पुतळ्यावर लाल, निळ्या रंगाचे अंश सापडले आहेत. आज पांढरं दिसतं ते सगळं मुळात रंगवलेलं होतं, हे डोळ्यासमोर आणल्याशिवाय त्याचा प्रभाव कळणार नाही.

आणखी एक गोष्ट. हा सर्वांत प्रसिद्ध 'प्रचार' 1863 साली सापडला तो चौकात नाही, तर ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या शहराबाहेरच्या वाड्यात. रस्त्यावरच्या रोमन माणसाने हा पुतळा बहुधा पाहिलाही नसेल. म्हणून 'प्रचार' हा शब्द मी जपून वापरतो. तो शब्द उच्चारला की डोळ्यासमोर एखादं सरकारी खातं येतं, वरून हुकूम सुटतात, पोस्टर छापली जातात. रोममध्ये असं खातं नव्हतं. नमुना वरून यायचा, पण पुतळा उभारायचा आणि पैसे मोजायचे ते एखाद्या शहराने, पलटणीने, व्यापाऱ्यांच्या मंडळाने किंवा गुलामीतून सुटून श्रीमंत झालेल्या कुणीतरी. खाली कोरलेल्या लेखात सम्राटाच्या नावाबरोबर देणाऱ्याचंही नाव असायचं. शहराला करमाफी हवी असे, श्रीमंताला मानमरातब. उलट ऑगस्टसने स्वतः लिहून ठेवलं आहे की रोम शहरातले आपले सुमारे 80 चांदीचे पुतळे, उभे, घोड्यावरचे आणि रथातले, त्याने वितळवले आणि त्या पैशातून अपोलोच्या मंदिरात सोन्याच्या वस्तू वाहिल्या. नम्रतेची ही कृती त्याने आपल्या कारकिर्दीच्या लेखात नोंदवून साम्राज्यभर कोरण्याची सोय केली, हेही लक्षात घे. चांदीचा पुतळा नाकारणं हेसुद्धा एक शिल्पच होतं.

दर्जा सगळीकडे सारखा नव्हताच. इ.स. 131 च्या सुमारास कॅपाडोशियाचा राज्यपाल एरियन काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून सम्राट हेड्रियनला कळवतो की ट्रापेझस इथला तुमचा पुतळा समुद्राकडे बोट दाखवतो आहे, ढब छान आहे, पण तो तुमच्यासारखा दिसत नाही आणि कामही बरं नाही, तेव्हा दुसरा पाठवून द्या. प्रत्येक वेळी वाचताना त्या अनामिक कारागिराबद्दल मला माया वाटते. हेड्रियन त्याने कधी पाहिला असणार? पुढे सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलियसचा शिक्षक फ्रोंटोही त्याला लिहितो की सराफांच्या पेढ्यांवर, दुकानांत, ओसरीत, खिडकीत, जिथे तिथे तुझ्या प्रतिमा आहेत आणि बहुतेक वाईट रंगवलेल्या किंवा ओबडधोबड आहेत. तरी त्या दिसल्या की त्याचा जीव सुखावतो.

डोकं आणि धड बऱ्याचदा वेगळं कोरलं जाई. धडाला मानेपाशी खोबण ठेवायची आणि डोक्याला खाली खुंटीसारखा भाग ठेवून ते आत बसवायचं. टोगा नेसलेलं, चिलखतातलं, उघड्या अंगाचं वीराचं अशी धडं ठरावीक असत. ही सोय फार कामाची होती आणि तेवढीच धोक्याचीही. इ.स. 15 मध्ये बिथिनियाचा राज्यपाल ग्रॅनियस मार्सेलस याच्यावर राजद्रोहाचा आरोप झाला. आरोप असे, की त्याने स्वतःचा पुतळा सीझरांच्या पुतळ्यांपेक्षा उंच जागी ठेवला आणि ऑगस्टसच्या एका पुतळ्याचं डोकं काढून तिथे त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस याचं बसवलं. तो सुटला. पण कार्यशाळेत रोज होणारं काम कचेरीत राजद्रोह ठरू शकत होतं, इतका जीव त्या दगडात आला होता. टायबेरियसच्याच काळात ऑगस्टसची प्रतिमा असलेलं नाणं शौचालयात नेणं हाही प्राणावर बेतणारा गुन्हा ठरत असे, असं सुएटोनियस सांगतो.

शत्रूलाही हे ठाऊक होतं. आजच्या सुदानमधल्या मेरोए इथे 1910 साली उत्खननात ऑगस्टसचं कांस्य डोकं सापडलं, ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काच आणि दगड बसवलेले डोळे शाबूत आहेत, समोर उभं राहिलं की ते रोखून पाहतात. इ.स.पू. 25 च्या सुमारास तिथल्या कुश राज्याच्या सैन्याने इजिप्तच्या दक्षिण सीमेवर छापा घातला, पुतळे पाडले आणि हे डोकं नेऊन विजयाच्या मंदिराच्या पायरीखाली पुरलं. आत जाणारा प्रत्येक जण रोमच्या सम्राटावर पाय देऊन जायचा. आणि पुरलं गेल्यामुळेच ते आपल्यापर्यंत आलं. उघड्यावर राहिलेलं कांसं पुढे वितळवलंच जात असे. मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा वाचला तो मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टन्टाइन समजत होते म्हणून.

हाच चेहरा नाण्यांवरून भारतातही आला. इथे सापडणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच भर मोठी आहे. पुदुकोट्टईजवळ 1898 साली 501 सोन्याची रोमन नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या डोक्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव आहे. नाणं चलनातून बाद करण्याची ती रीत असावी. रोममध्ये ज्या मुखाला जपावं लागे, त्यावर इथला सराफ निर्धास्तपणे छिन्नी चालवत होता. आपल्या मराठवाड्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांवरून उठवलेले मातीचे लोलक सापडले आहेत. कुणीतरी टायबेरियससारखं मुख गळ्यात घालून मिरवत होतं, दागिना म्हणून. आज्ञा पोहोचत नव्हती तिथे नक्षी पोहोचली.

पुढच्या सम्राटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण युक्ती तीच, फक्त खुणा बदलतात. टायबेरियस हा सावत्र मुलगा, तरी त्याच्या कपाळावर घराण्याच्या बटा आल्या. नीरोच्या थाटामाटानंतर आणि यादवीनंतर इ.स. 69 मध्ये व्हेस्पासियन आला, तेव्हा पुन्हा टक्कल, आठ्या आणि शेतकऱ्यासारखा रुंद जबडा दिसू लागला. जुन्या प्रजासत्ताकाची आठवण देणारा चेहरा त्याने जाणूनबुजून घेतला. हेड्रियनने पूर्ण दाढी ठेवली आणि त्याच्यामागे सगळ्या साम्राज्याने. सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. 195 मध्ये पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या मार्कस ऑरेलियसचा मुलगा म्हणून स्वतःला जाहीर केलं आणि पुतळ्यांत त्याची दाढी मार्कसच्या वळणावर गेली. कायद्यातलं दत्तकविधान दगडात पुरं झालं.

आता माझ्या सर्वांत आवडीचा भाग, पुन्हा कोरलेली डोकी. सम्राट मारला गेला आणि नावाला काळिमा लागला की त्याचे पुतळे फोडले जात. इ.स. 96 मध्ये डोमिशियनचा खून झाला तेव्हा सिनेटरांनी शिड्या मागवून त्याच्या प्रतिमा खाली आपटल्या. त्या गर्विष्ठ चेहऱ्यांवर कुऱ्हाडी चालवताना जणू प्रत्येक घावाला रक्त येत होतं, असं रोमन लेखक धाकटा प्लिनी लिहितो. पण संगमरवर महाग. मग त्याच डोक्यातून नवा सम्राट काढायचा. डोमिशियननंतर आलेल्या नर्व्हाच्या आज उरलेल्या डोक्यांतली बरीचशी अशीच डोमिशियनमधून कोरून काढलेली आहेत. व्हॅटिकनमधल्या कॅन्चेलेरिया उत्थितशिल्पात नर्व्हाचं डोकं धडाच्या मानाने लहान दिसतं, कारण तिथे आधी डोमिशियन होता. मिसेनमच्या कांस्य अश्वारूढ पुतळ्यात तर डोमिशियनचा चेहराच कापून काढला आहे आणि त्या जागी नर्व्हाचा चेहरा मुखवट्यासारखा बसवला आहे. जोडाची रेघ स्पष्ट दिसते. मागचे केस जुन्याचे, पुढचा चेहरा नव्याचा.

दगडातून काढता येतं, घालता येत नाही. म्हणून पुन्हा कोरलेल्या डोक्यात कान जरा जास्तच मोठे किंवा मागे गेलेले वाटतात, गाल अचानक आत जातात, मानेमागे आधीच्या माणसाचे केस राहून जातात. मागच्या बाजूला कुणी पाहत नाही, म्हणून तिथे वेळ घालवलेला नसतो. मी संग्रहालयात जातो तेव्हा शक्य असेल तिथे आधी पुतळ्याच्या मागे जातो.

शिल्पकार खोटं घडवत होते का, या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. एकदा एका गावाने दिवंगत पुढाऱ्याचा अर्धपुतळा सांगितला. गृहस्थ ऐंशीचे होऊन गेले होते आणि घरच्यांनी मला दिलेले सगळे फोटो चाळिशीतले होते. मी चाळिशीतलाच माणूस घडवला. अनावरणाला आलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी पुतळ्याच्या चौथऱ्याला हात लावले तेव्हा माझ्या मनात खोटेपणाची भावना नव्हती. त्यांच्या मनातला माणूस मी दगडात आणला होता. रोमन कारागिराने मात्र याहून मोठी गोष्ट केली. ऑगस्टसचा कोणता चेहरा मनात असावा हेच त्याच्या हातून ठरत गेलं, कारण बहुसंख्य प्रजेसाठी दुसरा चेहरा उपलब्धच नव्हता. एकेका डोक्यात मला खोटेपणा दिसत नाही. फसवणूक असलीच तर ती एकाच डोक्याच्या हजारो वेळा झालेल्या नकलेत आहे, आणि ती नक्कल करणाऱ्यांत सम्राटाबरोबर शहरं, सैनिक, व्यापारी सगळे सामील होते.

हे हाताने समजून घ्यायचं असेल तर सुट्टीत एक काम कर. ओळखीच्या कुणा भरल्या चेहऱ्याच्या माणसाचं डोकं शाडूत घडव, प्लास्टरमध्ये ओत, आणि वाळलं की त्यातूनच वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं डोकं काढ. फक्त छिन्नी आणि रास्प (खरखरीत कानस) वापरायची, वर प्लास्टर लावायचं नाही. सर्वांत आधी नाक कमी पडेल, मग हनुवटी. कान कुठे ठेवायचे हे कळेनासं होईल तेव्हा कॅन्चेलेरियाच्या नर्व्हाचं चित्र काढून समोर ठेव.